माळ्यावरचा कापशा

२ नोव्हेंबर, रविवार

श्रेयाने ही वही आणून दिली. म्हणाली, पप्पा, कापशाबद्दल जे जे आठवेल ते लिहून ठेव, तू दर वेळी वेगळंच सांगतोस. हे साफ खोटं आहे. मी वेगळं सांगत नाही, थोडं वाढवून सांगतो. पन्नाशीच्या चित्रकलेच्या मास्तराला एवढी मुभा असायला हवी.

तर कापशा. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत, पोटमाळ्यावर राहणारा राक्षस. मी सात वर्षांचा, माझी बहीण नलू दहाची. गिरण्यांचा संप चालू होता आणि अण्णा गावाला गेले होते. त्या वर्षी चाळीतल्या निम्म्या पोरांचे वडील गावाला गेले होते, त्यात विशेष काही नव्हतं. अण्णा गेले आणि आठवड्याभरात कापशा आला. आई म्हणाली, वर कापशा राहायला आलाय, दिवसभर झोपतो, आवाज केलात की खाली उतरेल. शिडीला हात लावायचा नाही. दुपारी ती ताटलीत भात नि कालवण वाढून शिडी चढायची आणि रिकामी ताटली घेऊन उतरायची. राक्षसाला भात-कालवण कसं चालतं, हा प्रश्न मला पडला नाही. नलूने फक्त एकदा विचारलं होतं की त्याला तिखट सोसतं का.

मी त्याला धड असा एकदाच पाहिला, पहाटे, अर्धवट झोपेत. शिडी चढत होता. नखशिखांत पांढरा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांतून पांढरं काहीतरी लोंबत होतं. चपला त्याने हातात धरल्या होत्या. ते पांढरं मागे हवेत तरंगत राहिलं आणि खाली माझ्या गोधडीवर येऊन बसलं. मी ते फुंकलं आणि परत झोपलो. कधीकधी वाटतं, मी अजून त्याच झोपेत आहे.

या कापशावर श्रेया सिनेमा करतेय. तिचा पहिलाच. अख्ख्या कुटुंबाने मिळून घाबरायचा सिनेमा, असं निर्माते सगळीकडे सांगत सुटलेत. मे महिन्यात लागणार. पहिलं पोस्टर आज आलं: माळ्याच्या कडेवरून लोंबणारा एक पांढरा हात. मी हौसेने मोबाइल आईसमोर धरला. तिने बघितलं, मोबाइल कॉटवर पालथा घातला आणि ॲसिडिटी झालीय म्हणून जेवली नाही. आईला आयुष्यात कधी ॲसिडिटी झालेली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

शिवडीला एक रिकामं गोदाम घेतलंय, तिथे मी कापशाचं अंग करतोय. शाळेतून रजा काढलीय. श्रेयाने आधी दुसऱ्या कुणाला सांगितलं होतं, त्याने कॉम्प्युटरवर एक चित्र करून पाठवलं. अस्वल होतं ते. मी म्हटलं, बाई गं, कापशाला पाहिलेला जिवंत साक्षीदार घरात बसलाय आणि तू अस्वलं कुठून मागवतेस. तेव्हा काम माझ्याकडे आलं.

आतून फोमचा अंगरखा, वर पिंजलेला कापूस. चिकटवताना खिडकीतल्या उन्हात तंतू उडतात आणि खाली बसायचं नावच घेत नाहीत. आज दुपारी काम थांबवून मी नुसता बघत बसलो. बाहेर कुठे क्रेन चालू होती, तिचा आवाजही दूर गेला. किती वेळ गेला कळलं नाही.

मग टॅक्सीने आई आली. सकाळी म्हणाली होती, येत्ये मी, बघू काय करतस ता. शहात्तर वर्षांची बाई, कापशाभोवती दोन फेऱ्या मारल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हात एवढो लांब नव्हतो," ती म्हणाली.

मी उंची विचारली, तर म्हणाली, तुझ्याएवढीच, इंचभर कमी. पाय दुमडून झोपायचा, माळा आखूड होता. आणि नखं काढून टाक म्हणाली. आता लहान मुलांच्या सिनेमातल्या राक्षसाला नखं नकोत तर काय मेहंदी काढायची? मी तिला आठवण करून दिली की परवाच तू म्हणालीस, कापशा बिपशा कधी नव्हताच.

"नव्हतोच," आई म्हणाली. "पण नखां काढ."

मी काढली. म्हातारपणी माणसाची कल्पनाशक्ती जागी होते म्हणतात. आईची बरी झालीय, श्रेयाला सांगायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज घरात जे झालं ते लिहायचं जिवावर आलंय. तरी लिहितो.

सिनेमाचा शेवट म्हणजे माझा पराक्रम. श्रेयाला झोपवताना मी तो हजारदा सांगितलाय. दुपारची वेळ होती, आई नळावर गेलेली, नलू शाळेत. माळ्याच्या कडेवरून कापशाची बोटं खाली लोंबत होती. मी नलूच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, शिडीच्या तीन पायऱ्या चढलो आणि त्या हातात खुपसलं. चांगलं आत गेलं. गंमत म्हणजे कापशा ओरडला नाही. हात झटकलाही नाही. थोडा वेळ हात तसाच राहिला, मग सावकाश वर गेला. मी खाली येऊन अख्ख्या चाळीला सांगितलं की कापशाला मारला. आठवड्याभरात तो माळा सोडून गेला आणि पुढे महिन्याभराने अण्णा गावाहून आले. अण्णांनाही मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. दर वेळी शेवटपर्यंत ऐकायचे, आणि विचारायचे, घाबरलास नाय?

श्रेयाने छोट्या मुलाच्या जागी मुलगी घेतलीय, बाकी प्रसंग जसाच्या तसा. त्या एका प्रसंगावर निर्मात्यांनी सिनेमा घेतला. आज जेवताना ती आजीला तेच उत्साहाने सांगत होती: हात, कर्कटक, थिएटरात सगळे टाळ्या वाजवणार. आईने हातातला घास ताटात ठेवला.

म्हणाली, तो प्रसंग काढ. श्रेयाने विचारलं, का? आई म्हणाली, काढ म्हटलं ना. श्रेया म्हणाली, आजी, तो काढला तर सिनेमाच राहत नाही, अठरा तारखेला शूट आहे, तीन वर्षं घातलीत मी यात. आई म्हणाली की मग मी गावी जात्ये, आणि हा सिनेमा लागला की या घरात परत पाऊल ठेवणार नाही. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

श्रेया रडली. माझी बायको सीमा दोघींच्या खोल्यांमध्ये चहा घेऊन फिरत राहिली. मला आईचा भयंकर राग आलाय. नातीचं पहिलंवहिलं काम, आणि ही कधीकाळच्या एका बागुलबुवासाठी हट्ट धरून बसलीय. दिसायला नको म्हणून राग गिळतोय, पण आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईने बॅग भरली. देवगडची गाडी सोमवारची आहे.

मी तिला म्हटलं, निदान कारण तरी सांग. ती म्हणाली, चाळ पाडून बांधलेल्या या टॉवरात जुन्या चाळीतलीच माणसं राहतात, ती सिनेमा बघतील. मी म्हटलं, मग बघू देत की, कौतुक करतील. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मी परत सात वर्षांचा झालोय आणि गृहपाठ विसरलोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रीचे दोन वाजलेत. पण आजच लिहायला हवं.

फणसवाडीत एक जुनी खोली मिळालीय, पोटमाळ्यासकट. आमच्यासारखीच. आज तिथे तालीम होती. कापशाचं काम करणारा माणूस तापाने आजारी, आणि अंगरखा तर माझ्याच मापाचा. श्रेया म्हणाली, पप्पा, आजच्यापुरता तूच घाल.

मी कापूस अंगावर चढवला आणि माळ्यावर जाऊन आडवा झालो. पाय दुमडावे लागले. छत नाकापासून हातभर. दुपारचं ऊन कौलाच्या फटीतून येत होतं आणि माझ्याच अंगावरचे तंतू त्यात तरंगत होते. खाली तयारीची कुजबूज चालू होती. हळूहळू ती मला दुसऱ्याच घरातली वाटायला लागली. कुणीतरी स्टोव्ह पेटवला. कुणी म्हणालं, हळू रे, कापशा उठेल. आता स्टोव्ह तिथे नव्हता आणि ते वाक्य आमच्या संहितेत नाही. मी झोपलो होतो की जागा होतो, सांगता येत नाही. माळ्यावर झोपलेल्या माणसाला खालचं घर सगळं ऐकू येतं. मुलं अभ्यास करताना पुटपुटतात ते, भांडतात ते, नाक ओढतात तेसुद्धा. मला मुलगा पाढे म्हणताना ऐकू येत होता, बे चोक आठ, आणि तो मीच होतो.

माझा हात कडेवरून खाली लोंबत होता. मी मुद्दाम ठेवला नव्हता, जागाच एवढी अरुंद.

मनू नावाची ठाकूरद्वारची मुलगी आमची नायिका आहे. ती शिडी चढली. हातात रबराचं कर्कटक. वरून मला तिचा चेहरा दिसला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे एवढे मोठे. घाबरून तिचा जीव चाललेला आणि तरी चढत होती. मला तिला म्हणावंसं वाटलं की अगं घाबरू नकोस. पण बोललो असतो तर तिला कळलं असतं की वर माणूस आहे. आणि हात मागे ओढला असता तर ती दचकून शिडीवरून पडली असती. म्हणून मी हात तसाच ठेवला.

आणि मग मला समजलं.

खालून श्रेया विचारत होती, पप्पा, काय झालं, हात वर घे ना. माझ्याच्याने हलवेना. मला उतरवायला दोघं वर आले. त्यांना वाटलं, उकाड्याने चक्कर आली.

तसाच टॅक्सी करून घरी आलो. दाढीत कापूस होता. आईने दार उघडलं, मला बघितलं आणि भिंतीला टेकली. मी विचारलं, "अण्णा?" ती म्हणाली, "होय."

तिने सांगितलं ते असं. अण्णा गावाला गेलेच नव्हते. संप मोडून जे थोडे लोक आत कामाला जात होते त्यांत ते होते. घरात चूल पेटत नव्हती आणि नलूला टायफॉइड होऊन गेलेला. रात्री कामावर, पहाटे चाळ झोपेत असताना परत, दिवसभर माळ्यावर. चाळीत कळलं असतं तर हातपाय मोडले असते, इतर काहींचे असे मोडलेले होतेही. मी म्हटलं, आम्हाला तरी सांगायचंस. आई म्हणाली, पोरांच्या तोंडाला झाकण असतं काय? बापूस माळ्यार आसा म्हणून खय बोललात असतात तर संपला. कापशा आसा म्हटलात तर लोक हसले.

मी हाताचं विचारलं.

"नळावरसून इलंय तर वर हाताक फडका गुंडाळून बसलेलो," आई म्हणाली. "हसत होतो. माका म्हणता कसो, माझो झील शूर आसा गो."

मग म्हणाली, मुलगा शूर आहे म्हणताना तो हसत होता की रडत होता, ते तिला अजून कळलेलं नाही. त्यानंतर अण्णा गिरणीच्या आतच राहायला गेले, महिनाभर घरी आलेच नाहीत, आणि मी चाळीला सांगत फिरलो की मी कापशाला मारला. आणि त्यांनाही सांगितलं. मांडीवर बसून, हातवारे करून. घाबरलास नाय, असं विचारायचे ते मला. देवा रे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रेयाला सगळं सांगितलं. तिने संहिता उघडून कर्कटकाचं पान काढलं. मग म्हणाली, पप्पा, मी कॅमेरा चुकीच्या जागी ठेवला होता, तो वर पाहिजे. कर्कटक येतं ते कापशाच्या नजरेतून दाखवायचं. निर्मात्यांना काय सांगशील विचारलं तर म्हणाली, भांडेन. आणि लगेच म्हणाली, पण आजी हो म्हणाली तरच. नाही म्हणाली तर सिनेमा गेला उडत.

आई नाही म्हणाली. तिची अडचण नवव्या मजल्यावर राहते. रघुवीरकाका. गिरणीत अण्णांच्या शेजारच्या मशीनवर, चाळीत शेजारच्या खोलीत. युनियनचे कट्टर. संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच, पुढे आयुष्यभर कुठे वॉचमन, कुठे हमाल. अण्णा मात्र गिरणी बंद पडेपर्यंत कामावर राहिले, चाळीला वाटलं संप विरल्यावर सगळ्यांसारखेच परत गेले असतील. दोघं रोज एकाच जिन्याने उतरत. अण्णांनी त्यांच्या नजरेला नजर कधी दिली नाही म्हणते आई. दोन हजार चारमध्ये अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले रघुवीरकाकाच आले. आई म्हणाली, त्या माणसाला ऐंशीव्या वर्षी सिनेमात बघून कळायचं, की ज्याला खांदा दिला तो फितूर होता?

मला आपल्या सोयीचं उत्तर द्यायला नको वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आई आंघोळ करून चांगलं पातळ नेसून बाहेर आली. मला वाटलं, आज एखाद्या देवळात जायचंय. म्हणाली, चल नवव्या मजल्यार. पडद्यावर कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. मग तो काय शिव्या घालायच्या त्या मला घालेल, पोरीला नको. मी म्हटलं, सोबत श्रेयाला घेऊ. नको म्हणाली.

रघुवीरकाका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. सुनेने चहा आणून दिला आणि आत गेली. आईने चहाला हात लावला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. किती महिने, कुठून यायचे, काय कारण. मध्ये एकदाही थांबली नाही, त्रेचाळीस वर्षं मनात पाठ केलेलं असणार. शेवटी म्हणाली, तुमची नोकरी गेली आणि आमची राहिली, त्याची माफी कशी मागतात ते माका ठाऊक नाय.

काका खाली रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बसा वहिनी. मला ठाऊक होतं."

आई बसली नाही.

ते म्हणाले, आपल्या दोन खोल्यांच्या माळ्यांमध्ये लाकडी फळ्या होत्या, आठवतं? संपात मीही दिवसभर माळ्यावरच पडून असायचो. काम नाही, खाली बायकोसमोर बसायची लाज वाटायची. फळीपलीकडे याचा बाप, आनंदा. मधे हातभर अंतर. तिसऱ्या दिवशी श्वासावरून ओळखला मी त्याला, आठ वर्षं बाजूला काम केलेलं.

मी विचारलं, राग नाही आला?

"आला ना. दोनदा शिडीवर पाय ठेवला, खाली जाऊन सगळ्यांना सांगतो म्हणून. दोन्ही वेळा तू खाली बोंबलत होतास, कापशा झोपलाय, आवाज करू नका. मी म्हटलं, असू दे. कापशा तर कापशा."

मग एका दुपारी पलीकडे ठसका लागला. अण्णा तोंडात कपडा कोंबून दाबत होते, दबत नव्हता. खाली जिन्यात माणसं उभी होती. काकांनी फळीच्या खालच्या फटीतून आपला पाण्याचा पेला सरकवला. पलीकडून हात आला, फडका गुंडाळलेला. पाणी प्यायल्याचा आवाज आला. रिकामा पेला परत आला. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढे एकवीस वर्षं नाही. नजरेला नजर तो देत नव्हता असं नाही वहिनी, काका म्हणाले, आम्ही दोघंही देत नव्हतो.

सिनेमाचं मी विचारलं. काका म्हणाले, काढू दे पोरीला. तिला सांग, माळे दोन दाखव.

आई तेव्हा बसली. थंड झालेला चहा सगळा प्यायली. काकांना नमस्कार केला, तब्येतीची चौकशी केली, सुनेला हाक मारून निघते म्हणाली. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत अगदी नेहमीसारखी होती. दार मिटलं तशी माझा दंड घट्ट धरला.

"म्हणजे तुझ्या बापसाक म्हायत होता, की रघुवीराक म्हायत आसा," ती म्हणाली. "मी हयात घालवलंय भिऊन. त्या घरातला कोण हळद मागूक इला तरी मी दारातसूनच वाटी देय. आणि ह्यो एकवीस वर्षां बाजूक झोपलो मेलो, माका सांगूक नाय."

आणि रडायला लागली. अण्णा गेले तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती. आमचा सतरावा मजला आला, दार उघडलं, थोडं थांबून परत मिटलं. मी बटण दाबलं नाही. आईला धरून तसाच उभा राहिलो.